सणाची भेट कुणाच्या हाती सोपवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे पुढचं कशाबद्दल आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सणाला सहा घरी भेटी पाठवायच्या आहेत, चार देशातल्या देशात आणि दोन परदेशात. एका खोक्यात काचेची फुलदाणी आहे, एकात भाचीसाठी बॅटरीवर चालणारं खेळणं, एकात आजोबांचा एकुलता एक जुना फोटो फ्रेम करून. बाकी तिन्हींत कपडे आणि पुस्तकं. गेल्या वर्षी तुमचं एक पार्सल सण उलटून गेल्यावर आठवड्याने पोचलं, म्हणून यंदा ‘सगळ्यांत चांगली कंपनी कोणती’ हे तुम्हाला हवं आहे.

मी आठ वर्षं एका कुरिअर कंपनीच्या हबमध्ये, जिथे पार्सलं गावागणिक वेगळी होतात तिथे काम केलं आणि नंतरची अकरा वर्षं भेटवस्तू विकणाऱ्या एका व्यवसायाचं डिस्पॅच सांभाळते आहे. या दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की कंपनीचं नाव हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी प्रत्येक पार्सलाबद्दल तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: ते कोणत्या दाराशी जाणार, कोणत्या तारखेच्या आत जायला हवं आणि फुटलं किंवा हरवलं तर तुमचं नेमकं काय जाईल. तुमच्या सहा पार्सलांची उत्तरं एकसारखी येणार नाहीत. सगळी एकाच काउंटरवर दिली की सोय होते हे खरं, पण त्यातलं एखादं अडकतं ते पुष्कळदा त्या सोयीपायीच.

दारापासून सुरुवात करू. जाहिरातीत विमान आणि मोठे ट्रक दिसतात, पण सणाच्या दिवसांत पार्सल रखडतं ते बहुधा शेवटच्या दहा-वीस किलोमीटरांत. तिथलं काम अनेकदा कंपनीचा स्वतःचा माणूस करत नाही, स्थानिक फ्रँचायझी किंवा ठेकेदार करतो. त्याच्याकडे माणसं किती, तो त्या वस्तीत रोज जातो की पार्सलं साठली की जातो, यावर सगळं ठरतं. म्हणून एकच कंपनी एका पत्त्यावर दोन दिवसांत पोचवते, दुसऱ्यावर आठ दिवस लावते, आणि दोन्ही ग्राहकांचे अभिप्राय खरे असतात. त्यातला एकही तुमच्या मावशीच्या पत्त्याबद्दल नसतो.

एका हंगामात आम्ही दूरच्या वस्त्यांमधली चाळीसेक पार्सलं सगळ्यांत महागड्या एक्सप्रेस सेवेने पाठवली होती. जवळच्या शहरापर्यंत ती दुसऱ्याच दिवशी पोचली आणि तिथे पाच दिवस पडून राहिली, कारण त्या भागात त्यांची गाडी आठवड्यातून दोनदाच जायची. त्याच यादीतले तीन पत्ते आमच्याकडून सुटले होते. ते लक्षात आल्यावर दोन दिवसांनी साध्या पोस्टाने पाठवले आणि ती तीन पार्सलं आधी पोचली. तेव्हापासून आमच्याकडे पत्ता पाहिल्याशिवाय सेवा ठरत नाही.

पोस्टाला लोक संथ म्हणून बाजूला टाकतात, ते मला पटत नाही. जागतिक टपाल संघ १८७४ मध्ये बर्नच्या करारातून उभा राहिला, आज त्याचे १९२ सदस्य देश आहेत, आणि टपालसेवा सगळ्यांपर्यंत पोचली पाहिजे हे त्या व्यवस्थेचं मूळ तत्त्व आहे. खासगी सेवेला एखादा पत्ता परवडत नसेल तर ती तो वगळू शकते किंवा जादा आकार लावू शकते. पोस्टमन मात्र त्या वाटेने तसाही जाणारच असतो. शहरातल्या कार्यालयाच्या पत्त्यावर उद्या सकाळी काही हवं असेल तर मी पोस्ट निवडणार नाही. डोंगराच्या कुशीतल्या घरी दहा दिवसांत कपडे पोचवायचे असतील तर तेच आधी पाहीन.

हे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे घेणाऱ्याला एक फोन. ‘तुमच्याकडे पार्सलं कोण आणतं? दिवसा घरी कुणी असतं का? कुणी नसलं तर तो माणूस शेजारी ठेवतो की परत नेतो?’ एवढं विचारलं की निम्मा निर्णय होतो. भेट गुपित ठेवायची असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला किंवा शेजाऱ्यांना विचारा. दिवसभर घर बंद असेल तर कामाच्या ठिकाणचा पत्ता घ्या, किंवा जवळच्या पिकअप केंद्रावर, पार्सल लॉकरमध्ये ठेवून घेण्याची सोय देणारी सेवा पाहा. बंद दाराशी दोन-तीन फेऱ्या झाल्या की पार्सल परतीच्या वाटेला लागतं, आणि परत निघालेलं पार्सल मधेच वळवणं फार अवघड असतं.

आता तारीख. सणाच्या आदल्या दिवशी पोचेल असा हिशेब कधीही करू नका. चार दिवस आधी पोचावं असं धरा आणि तिथून उलटे मोजत या. ‘तीन दिवसांत’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी कामाचे तीन दिवस असा असतो आणि पार्सल निघाल्याचा दिवस त्यात धरत नाहीत. समजा, तुम्ही गुरुवारी संध्याकाळी काउंटरवर गेलात आणि त्या दिवसाची गाडी निघून गेली होती. पार्सल शुक्रवारी निघणार. शनिवार-रविवार न मोजणारी सेवा असेल तर सोमवार पहिला दिवस, बुधवार तिसरा. तुमच्या लेखी सहा दिवस झाले, त्यांच्या लेखी सगळं वेळेत झालं. म्हणून काउंटरवर ‘किती दिवस लागतात’ असं न विचारता ‘आज दिलं तर कोणत्या तारखेला पोचेल, आणि आजची शेवटची गाडी किती वाजता’ असं विचारा. वेळेत न पोचल्यास पैसे परत, अशी हमी असेल तर तिची अट वाचा. गर्दीच्या हंगामात ही हमी स्थगित ठेवण्याची मुभा अनेक कंपन्या अटींमध्येच राखून ठेवतात. पोस्ट खाती मोठ्या सणांआधी परदेशी टपालासाठी शेवटच्या तारखा जाहीर करतात. मी त्या तारखेच्याही आठवडाभर आधी पाठवते.

गेल्या वर्षीच्या पार्सलाचं ट्रॅकिंग अजून दिसत असेल तर ते उघडून बघा. उशीर कुठे झाला हे त्यातून कळतं आणि यंदाचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. ‘लेबल तयार झालं’ किंवा ‘माहिती मिळाली’ या नोंदीनंतर दोन-तीन दिवस काहीच नसेल, तर पार्सल तुमच्याच गावात पिकअपची वाट पाहत होतं. अशा वेळी कंपनी बदलून उपयोग नाही, स्वतः केंद्रावर नेऊन द्या आणि तिथल्या तिथे स्कॅन करून घ्या. मधल्या हबमध्ये खंड असेल तर ती हंगामाची गर्दी, तिच्यावर उपाय फक्त लवकर पाठवण्याचा. आणि ‘डिलिव्हरीसाठी बाहेर’ अशी नोंद रोज येऊनही पार्सल मिळत नसेल, तर अडचण त्या दाराशी आहे. तिथे मात्र सेवा बदलायलाच हवी.

ट्रॅकिंगवर पार्सल उलट्या दिशेला गेलेलं दिसलं तर घाबरू नका. सगळी पार्सलं एका मध्यवर्ती ठिकाणी आणायची, रात्रीतून वेगळी करायची आणि पहाटे रवाना करायची, ही पद्धत फेडरल एक्सप्रेस या अमेरिकी कुरिअर कंपनीने १९७३ मध्ये मेम्फिस शहराहून रात्रीची विमानसेवा सुरू केली तेव्हापासून सगळीकडे रुळली. शेजारच्या गावचं पार्सलही हबला जाऊनच येतं. याचा एक परिणाम मात्र तुमच्या फुलदाणीवर होतो: जितके हब, तितक्या वेळा खोकं चढवणं-उतरवणं.

त्यामुळे काचेच्या पार्सलाबाबत सेवा निवडण्यापेक्षा खोकं बांधणं महत्त्वाचं आहे, आणि हे मी हबमधल्या आठ वर्षांच्या जोरावर सांगते. ‘नाजूक’ असा लाल स्टिकर हबमधल्या सरकत्या पट्ट्यावर धावणाऱ्या खोक्याला वाचवत नाही. पट्टा स्टिकर वाचत नाही, घसरणीवरून खोकं खाली येतं तेव्हा वरून दुसरं येतच असतं. रात्री हजारो नग हाताळणारा माणूसही प्रत्येक स्टिकर पाहू शकत नाही. खोकी तपासायच्या चाचण्या ठरवणारी इस्टा नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या प्राथमिक चाचणीत हलकं खोकं साधारण ७६ सेंटीमीटरवरून, म्हणजे टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहा बाजूंवर एकेकदा. तुमची फुलदाणी टेबलावरून दहा वेळा पडेल असं समजूनच बांधा. आधी तिच्या पोटात कागदाचे बोळे भरा, मग बबल रॅपचे तीन-चार वेढे द्या, मग ती लहान खोक्यात घट्ट बसवा. ते खोकं मोठ्या खोक्यात ठेवा आणि सहाही बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर भरण घाला. बंद करून हलवा, आत काही सरकल्याचं जाणवलं तर परत उघडा. खोकं नवं घ्या. पन्हाळी पुठ्ठा दमट हवेत मऊ पडतो, आणि एकदा प्रवास करून आलेल्या खोक्याचे कोपरे आधीच दबलेले असतात. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या कडांवरही लावा.

इथे खर्चाचा मुद्दा येतो. एवढी भरण म्हणजे खोकं मोठं, आणि मोठ्या खोक्याला आकारमानाचं वजन लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक एक्सप्रेस सेवांत ५००० ने भागायचं. जे येईल ते आणि काट्यावरचं वजन, यांत जे जास्त त्यावर पैसे लागतात. ४० × ३० × ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो, आत दोन किलोची वस्तू असली तरी. तेच ३० × २५ × २० चं असेल तर ३ किलो. कपडे पाठवताना मोठ्या खोक्यात हवा भरून पाठवू नका, जाड पिशवीत दाबून बसवा. पुस्तकांचं उलट असतं, ती आकाराने लहान आणि वजनाने भारी. कपडे आणि पुस्तकं दोन्ही एकाच घरी जाणार असतील तर एकत्र बांधली की हिशेब चांगला बसतो. काही सेवा ५००० ऐवजी ६००० किंवा ४००० ने भागतात, काही फक्त काट्यावरचं वजन धरतात, म्हणून दर विचारताना हा आकडाही विचारा. खोकं बांधायच्या आधी विचारलात तर उत्तम.

आता फोटोबद्दल, कारण मला सगळ्यांत काळजी त्याचीच वाटते. भरपाई ही वस्तूच्या सिद्ध करता येणाऱ्या किमतीची मिळते, आणि आजोबांच्या फोटोची किंमत सिद्ध करता येत नाही. विमा उतरवला तरी फार तर फ्रेमचे पैसे येतील. शिवाय विमा आणि कंपनीची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगळा विमा किंवा जाहीर मूल्य, म्हणजे पाठवताना कंपनीला लेखी कळवलेली किंमत, नसेल तर कंपनीची जबाबदारी मर्यादित असते, आणि बऱ्याचदा ती वजनावर ठरते. आंतरराष्ट्रीय हवाई मालासाठी १९९९ च्या माँट्रियल करारातली मर्यादा डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. टपालाला हा आकडा लागू होत नाही, त्याचे नियम वेगळे. पण वजनावर ठरणाऱ्या भरपाईचा अर्थ लक्षात घ्या: वस्तू हलकी आणि मौल्यवान असेल तर हाती फार थोडं येतं. रोकड, दागिने, काच हे तर अनेक विम्यांतून वगळलेलंच असतं, आणि ‘बांधणी अपुरी होती’ या कारणावर दावे फेटाळले जातात.

म्हणून फोटो पाठवायच्या आधी चांगल्या ठिकाणी स्कॅन करून घ्या. मी तुमच्या जागी असते तर मूळ फोटो घरीच ठेवून उत्तम प्रत फ्रेम करून पाठवली असती आणि मूळ फोटो पुढच्या भेटीत हाती दिला असता. मूळच पाठवायचा असेल तर फ्रेममधून काढा, दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून वेगळा पाठवा, आणि प्रत्येक टप्प्यावर सही होते अशी रजिस्टर्ड सेवा घ्या. काचेची फ्रेम त्यांना तिकडेच घेऊ दे. फुटलेल्या काचेने फोटो चिरलेला मी पाहिला आहे, त्याला उपाय नसतो.

बॅटरीच्या खेळण्यासाठी आधी बॅटरी कोणती ते पाहा. साधे सेल लागत असतील तर ते पाठवूच नका, भाचीच्या घरी घ्यायला सांगा. आत बसवलेली लिथियम बॅटरी असेल तर ती खेळण्यातच राहू द्या, बटण बंद करून हलणार नाही असं बांधा आणि काउंटरवर स्पष्ट सांगा. वस्तूत बसवलेल्या बॅटरीला काही मर्यादांमध्ये परवानगी असते, सुटीला फार कडक नियम असतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यावर १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे, आणि पॉवर बँक ही नियमांच्या लेखी सुटी बॅटरीच असते. अत्तर, परफ्यूम, नेलपॉलिश, स्प्रेचे डबे हेही ज्वालाग्राही मानले जातात. लपवून घातलेलं एक्स-रेमध्ये दिसतं, आणि मग पूर्ण खोकं थांबतं, त्यातले कपडेसुद्धा.

परदेशी पार्सलांचं अर्धं यश कस्टम्सच्या कागदात आहे. पोस्टाने पाठवाल तर सीएन २२ किंवा सीएन २३ हा फॉर्म भरावा लागेल. लहान पाकिटाचं मूल्य ३०० एसडीआरपर्यंत असेल तर पहिला, त्याहून जास्त असेल किंवा पार्सल असेल तर दुसरा. ‘गिफ्ट’ एवढंच लिहू नका. ‘मुलीचा सुती फ्रॉक, नवा, १ नग’ असं लिहा, प्रत्येक वस्तूचं खरं मूल्य आणि वजन द्या. भेट आहे म्हणून किंमत शून्य लिहिली की तपासणाऱ्याला शंका येते आणि हरवल्यावर भरपाईही त्या शून्याचीच. ही माहिती आता अनेक देशांना पार्सल पोचायच्या आधी संगणकावरून लागते, त्यामुळे हाताने खरडलेला फॉर्म पुरत नाही. भेटींना शुल्कातून सूट कितीपर्यंत, हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं आणि बदलत राहतं. पाठवायच्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. शुल्क कोण भरणार? काहीच सांगितलं नाही तर ते घेणाऱ्याकडून वसूल होतं, आणि खासगी सेवा ते आधी भरून दिल्याबद्दल वर स्वतःचा आकारही लावतात. आपल्याच भेटीसाठी दाराशी पैसे मोजायला लावणं मला फार वाईट वाटतं. शुल्क पाठवणाऱ्याने भरायची सोय, जिला डीडीपी म्हणतात, मिळत असेल तर ती घ्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. ती सोय नसेल तर घेणाऱ्याला आधीच कल्पना द्या.

पोस्टाच्या परदेशी ट्रॅकिंग क्रमांकाला १३ खुणा असतात: दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. आपल्या पोस्टाच्या संकेतस्थळावर नोंदी थांबल्या तर तोच क्रमांक समोरच्या देशाच्या पोस्टाच्या संकेतस्थळावर टाका, पुढचा प्रवास तिथे दिसतो. लोक ‘हरवलं’ म्हणून माझ्याकडे येतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच करते, आणि अनेकदा पार्सल तिकडे कस्टम्समध्ये असतं.

तेव्हा तुमच्या सहांचं मी असं करेन. कपडे-पुस्तकांची देशातली दोन पार्सलं पोस्टाने, आजपासून आठवड्याभरात. फुलदाणी देशातच जाते आहे असं धरते. तिच्यासाठी कमी हब लागणारी, म्हणजे शक्य तर थेट गाडी असणारी सेवा, दुहेरी खोकं आणि काच वगळत नाही असा विमा. फोटोची प्रत कोणत्याही सेवेने, मूळ पाठवायचाच असेल तर रजिस्टर्डने. परदेशातलं कपड्यांचं पार्सल ईएमएसने, म्हणजे पोस्टाच्या जलद परदेशी सेवेने. खेळणं बाहेर जाणार असेल तर एक्सप्रेस सेवेने, कारण बॅटरीचे नियम आणि कस्टम्स दोन्ही तीच सेवा एका हाती सांभाळते, आणि अडलं तर फोन उचलायला एकच माणूस असतो. दर तुलना करणाऱ्या संकेतस्थळावरून स्वस्तात बुक करत असाल तर एवढं पाहा की तुमचा करार त्या संकेतस्थळाशी होतो. काही बिघडलं तर दावा तिथेच करावा लागतो, पार्सल नेणारी कंपनी तुमच्याशी बोलत नाही.

खोकं बंद करायच्या आधी आत एका कागदावर दोन्ही पत्ते आणि फोन नंबर लिहून ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर पार्सल त्या कागदामुळेच परत सापडतं. जुने स्टिकर आणि बारकोड पूर्ण काढा, नवं लेबल सपाट बाजूवर लावा, कडेवर दुमडू नका. आतल्या वस्तूचे आणि बांधलेल्या खोक्याचे फोटो काढून ठेवा. पार्सल निघालं की घेणाऱ्याला सेवेचं नाव आणि क्रमांक स्वतः कळवा. सणाच्या दिवसांत ‘तुमचं पार्सल अडकलंय, इथे पैसे भरा’ असे खोटे संदेश फार येतात, आणि खरा क्रमांक हाती असलेला माणूस सहसा फसत नाही.

परदेशातले दोन पत्ते शहरातले आहेत की आडबाजूचे, आणि सणाला नेमके किती दिवस उरलेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आडबाजूचे असतील तर खेळण्यासाठीही एक्सप्रेसपेक्षा पोस्टच बरं पडेल, फक्त त्या देशाचं पोस्ट बॅटरी असलेली वस्तू स्वीकारतं का ते आधी विचारावं लागेल. तेवढं कळवलंत तर तारखा मोजून देते.